३९ टक्के की ९५? ‘मॅलेफिसंट’च्या दुसऱ्या भागाविषयी वाचकांचे प्रश्न

परीकथांवर बेतलेल्या महागड्या चित्रपटांच्या दुसऱ्या भागांविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचा रोख एकाच चित्रपटाकडे आहे: डिस्नीचा ‘मॅलेफिसंट : मिस्ट्रेस ऑफ ईव्हिल’. ‘स्लीपिंग ब्यूटी’, म्हणजे शापाने झोपी गेलेल्या राजकन्येच्या परीकथेतली खलनायिका मॅलेफिसंट इथे नायिका आहे. दिग्दर्शक योआकिम रॉनिंग, अमेरिकेत प्रदर्शन १८ ऑक्टोबर २०१९, जाहीर खर्च सुमारे १८.५ कोटी डॉलर. उत्तरांत कथानक शेवटापर्यंत उघड केलं आहे. चित्रपट पाहायचा राहिला असेल तर आधी तो पाहा.

समीक्षा एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या साइटवर या चित्रपटाला समीक्षकांचे ३९ टक्के आणि प्रेक्षकांचे ९५ टक्के आहेत. एवढी तफावत कशी? खोटं कोण बोलतंय?
— वाचक, नाशिक

खोटं कुणीच बोलत नाही. हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात आणि दोन्हींचा ‘शंभरपैकी मिळालेल्या गुणां’शी संबंध नाही.

समीक्षकांचा आकडा असा निघतो. प्रत्येक समीक्षेला एकच शिक्का बसतो, अनुकूल किंवा प्रतिकूल. एकूण समीक्षांपैकी अनुकूल किती, त्याची टक्केवारी म्हणजे तो आकडा. ६० किंवा त्याहून जास्त असेल तर लाल टोमॅटो, कमी असेल तर हिरवा फुटका टोमॅटो. समीक्षकाला चित्रपट किती आवडला, हे या टक्केवारीत कुठेच उतरत नाही.

एक हिशेब करून बघा. ‘क’ चित्रपटाला दहा समीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी ६ गुण दिले आणि सगळ्यांनी ‘ठीक आहे, बघा’ म्हटलं. टक्केवारी १००, सरासरी ६. ‘ख’ चित्रपटाला चौघांनी प्रत्येकी ९ दिले आणि सहा जणांनी ५ देऊन ‘नको’ म्हटलं. टक्केवारी ४०, सरासरी मात्र ६.६. म्हणजे सरासरीने सरस असलेला चित्रपट टोमॅटोच्या मोजणीत सडका ठरला. म्हणूनच टक्केवारीपेक्षा गुणांची सरासरी शोधून वाचावी. ‘मिस्ट्रेस ऑफ ईव्हिल’ची सरासरी दहापैकी ५ च्या आसपास आहे. समीक्षकांनी चित्रपट धुऊन काढला, असं त्यातून दिसत नाही. ‘काही गोष्टी छान आहेत, पण तिकीट काढा असं सांगणार नाही’ असा मोठ्या गटाचा सूर होता.

‘मेटाक्रिटिक’ ही दुसरी साइट समीक्षांना ० ते १०० मध्ये गुण देते आणि काही प्रकाशनांना जास्त वजन देऊन सरासरी काढते. तिथे या चित्रपटाला ४३ आहेत, म्हणजे पिवळा रंग, संमिश्र. इथे एक घोळ हमखास होतो: मेटाक्रिटिकवर हिरवा रंग चांगला आणि रॉटन टोमॅटोजवर हिरवा टोमॅटो वाईट. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये हा रंगांचा गोंधळ नेहमी दिसतो.

आता ९५ कडे वळू. मे २०१९ पासून रॉटन टोमॅटोजने प्रेक्षकांच्या आकड्याची पद्धत बदलली. ठरावीक ठिकाणांहून, सुरुवातीला ‘फँडँगो’ या तिकीटविक्रीच्या साइटवरून, तिकीट काढल्याचं पडताळता येईल अशांचीच मतं ठळक आकड्यात धरायची, असं ठरलं. प्रदर्शनाआधीच शून्य तारे देऊन जाणाऱ्या टोळ्यांना त्यामुळे आळा बसला. पण मतं देणारे कोण राहिले? पहिला भाग आवडला म्हणून स्वतःच्या खिशातून पैसे घालून दुसऱ्याला गेलेले लोक. ज्यांना उत्सुकताच नव्हती ते थिएटरात गेले नाहीत आणि मोजणीतही आले नाहीत. समीक्षकाला मात्र आवड असो-नसो, जावंच लागतं.

तिसरा आकडा आपल्याकडे कुणी फारसा पाहत नाही, पण तो सगळ्यांत उपयोगी आहे. ‘सिनेमास्कोअर’ ही अमेरिकी संस्था पहिल्या दिवशी थिएटरबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून छापील कार्ड भरून घेते आणि ‘ए प्लस’ ते ‘एफ’ अशी श्रेणी देते. या चित्रपटाला ‘ए’ मिळाली. २०१४च्या पहिल्या भागालाही ‘ए’च होती. पहिला दिवस म्हणजे आधीच प्रेमात असलेली गर्दी, त्यामुळे श्रेणी चढीच असते. म्हणून ती एकाच जातीच्या चित्रपटांत ताडून पाहावी. २०१६ सालचा ‘अ‍ॅलिस थ्रू द लुकिंग ग्लास’ ‘ए मायनस’ आणि ‘द हंट्समन : विंटर्स वॉर’ ‘बी प्लस’. या तिघांत मॅलेफिसंटचा प्रेक्षक सर्वांत खूश होऊन बाहेर पडला.

टक्केवारी राहू द्या. समीक्षकांची नेमकी तक्रार काय होती ते सांगा.
— वाचक, कोल्हापूर

मुख्य तक्रार एका वाक्यात सांगता येते: मॅलेफिसंटच्या चित्रपटातून मॅलेफिसंटच गायब होते.

कथा अशी. मॅलेफिसंटने लेकीसारखी वाढवलेली अरोरा (एल फॅनिंग), म्हणजेच ‘स्लीपिंग ब्यूटी’, आता मूर्स या परीराज्याची राणी आहे. अल्स्टेड या माणसांच्या राज्याचा राजपुत्र फिलिप तिला मागणी घालतो. लग्न ठरल्यावर मॅलेफिसंटला (अँजेलिना जोली) व्याह्यांकडे जेवायला जावं लागतं. अरोराच्या विनंतीवरून ती शिंगांवर कापड गुंडाळते. टेबलापलीकडे फिलिपची आई राणी इन्ग्रिथ (मिशेल फायफर), मोत्यांत मढलेली, गोड आवाजात एकेक टोमणा मारते. अरोराची खरी आई कोण, हा विषय ती असा काढते की मॅलेफिसंटच्या चेहऱ्यावरचा ताण आपल्यालाही जाणवतो. दोन कसलेल्या अभिनेत्री, एक टेबल, कुणीच उठून उभं राहत नाही. चित्रपट नावडलेल्या कित्येक समीक्षकांनीही या प्रसंगाला दाद दिली, आणि ती रास्त आहे.

मग फिलिपचे वडील राजा जॉन शापाच्या झोपेत कोसळतात. आळ मॅलेफिसंटवर येतो, ती उडून जाते, पाठोपाठ लोखंडी गोळी लागून पाण्यात पडते. तिला वाचवतो कॉनल (चुएटेल एजिओफोर), तिच्याच जातीचा एक पंखधारी. इथून तिचा मुक्काम भूमिगत घरट्यात. तिथे डझनावारी नवे चेहरे, त्यांचा इतिहास, शांतता हवी म्हणणारा कॉनल आणि युद्ध हवं म्हणणारा बोरा. हे सगळं तिला आणि पर्यायाने आपल्याला सांगितलं जातं. ती ऐकत राहते. जिच्या एका तिरप्या हास्यासाठी लोक थिएटरात आले होते, तिला मधल्या मोठ्या टप्प्यात संवादच मोजके आहेत. पहिला भाग ९७ मिनिटांचा होता, हा जवळपास दोन तासांचा. वाढलेला वेळ नायिकेच्या वाट्याला न येता नव्या पात्रांच्या ओळखीत गेला.

दुसरी तक्रार सुराची. इन्ग्रिथ परींना लग्नाचं आमंत्रण देऊन चर्चमध्ये कोंडते. तिची दासी गर्डा ऑर्गन वाजवू लागते आणि त्याच्या नळ्यांतून लाल भुकटी उडते. ती अंगावर पडली की परीचं झाड किंवा फूल होतं, म्हणजे मरणच. दारं बंद, आत किंकाळ्या, वर वाद्याचे सूर. मुलांच्या चित्रपटात हे सरळसरळ हत्याकांड आहे आणि अनेकांना ते इतिहासातल्या खऱ्या हत्याकांडांजवळ जाणारं वाटलं. असा प्रसंग घ्यायला हरकत नाही, पण मग त्याचं ओझं चित्रपटाने पुढे वाहायला हवं. इथे लढाई संपताच त्याच ठिकाणी आनंदाने लग्न लागतं आणि इन्ग्रिथची शेळी होते. मेलेल्यांचं सुतक कुणी पाळत नाही. हा दोष रॉनिंगच्या दिग्दर्शनापेक्षा पटकथेचा जास्त आहे. (लेखन लिंडा वूल्व्हर्टन, नोआ हार्पस्टर आणि मायका फिट्झरमन-ब्लू यांचं. पहिल्या भागाची पटकथा वूल्व्हर्टन यांची होती.)

तिसरी तक्रार इन्ग्रिथच्या कारणाची. ती परींचा द्वेष का करते, हे भावाच्या मृत्यूच्या आठवणीतून थोडक्यात उरकलं आहे. पहिल्या भागात मॅलेफिसंटचे पंख कापले जाण्याचा प्रसंग आपण तिच्यासोबत भोगला होता, म्हणून तिचा राग समजला. इन्ग्रिथचं दुःख पडद्यावर घडतच नाही, नुसतं सांगितलं जातं. फायफर यांनी जमेल तेवढं केलं आहे, पण कागदावरच जागा नव्हती.

चौथी तक्रार डिजिटल दृश्यांच्या भाऊगर्दीची. ही अशा प्रत्येक चित्रपटाबद्दल होते आणि तिचं उत्तरही तेच ते असतं, तेव्हा ती सोडून देऊ.

पाच-सहा वर्षांच्या मुलीला दाखवावा का?
— वाचक, ठाणे

अमेरिकेत ‘पीजी’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे पालकांनी ठरवायचं. तीन जागा सांभाळा: गोळी लागून मॅलेफिसंट पाण्यात पडते ती, चर्चमधली लाल भुकटी आणि अरोराला वाचवताना मॅलेफिसंटची राख होते ती. तिसरी लगेच सावरते, कारण राखेतून ती फिनिक्स होऊन उठते. चर्चचा प्रसंग मात्र लांब आहे आणि त्यात ओळखीची लाडकी पात्रं जातात. घरी पाहत असाल तर ऑर्गन सुरू होताच पुढे ढकला. नंतरची कथा कळायला अडचण येत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सोबत बसून संपूर्ण दाखवायला हरकत नाही.

‘स्लीपिंग ब्यूटी’ जागी झाली, लग्न झालं, गोष्ट संपली. मग दुसरा भाग म्हणजे पैशांसाठी ओढूनताणून लांबवणंच नाही का? समीक्षकही तेच म्हणत होते.
— वाचक, पणजी

पैशांचा हेतू होताच, तो नाकारायचं कारण नाही. पण ‘गोष्ट संपली होती’ हे विधान मूळ कथेला धरून नाही, आणि ज्या समीक्षकांनी ते केलं त्यांच्या नजरेतून या चित्रपटातली सर्वांत रोचक गोष्ट निसटली, असं आमचं ठाम मत आहे.

शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७च्या संग्रहात ही कथा आहे आणि तिथे ती दोन भागांची आहे. राजकन्या जागी होते ते निम्म्यावर. राजपुत्र तिच्याशी गुपचूप लग्न करतो आणि घरी दोन वर्षं पत्ता लागू देत नाही, कारण त्याची आई राक्षसकुळातली आहे आणि लहान मुलं दिसली की तिला राहवत नाही. दोन मुलं होतात, मुलगी अरोर म्हणजे उषा आणि मुलगा जूर म्हणजे दिवस. वडील वारल्यावर राजपुत्र गादीवर येतो, बायकोमुलांना उजळ माथ्याने घरी आणतो आणि काही काळाने शेजारच्या राज्यावर स्वारीला जातो. कारभार आईच्या हाती.

सासू सुनेला नातवंडांसह रानातल्या वाड्यावर पाठवते आणि मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याला हुकूम देते: उद्या रात्रीच्या जेवणाला अरोर, ‘सॉस रोबेर’ घालून. (कांदा आणि मोहरीचा हा सॉस फ्रेंच स्वयंपाकात आजही आहे.) चार वर्षांची पोर गळ्यात पडते तेव्हा कारभाऱ्याच्या हातातली सुरी गळते. तो कोकरू कापून वाढतो. मुलाच्या वेळी करडू, सुनेच्या वेळी हरिणी. शेवटी लपवलेल्यांचा आवाज सासूच्या कानी पडतो. ती अंगणात साप आणि बेडकांनी भरलेलं पिंप आणवते. तेवढ्यात मुलगा परततो आणि ती स्वतःच त्यात उडी घेते.

ग्रिम बंधूंनी १८१२च्या आपल्या संग्रहात गोष्ट राजकन्या जागी होऊन लग्न लागण्यावरच थांबवली. डिस्नीचा १९५९चा अ‍ॅनिमेशनपट त्याच वळणावर थांबला, आणि जगाने तोच शेवट खरा मानला. चायकोव्हस्कीच्या १८९०च्या बॅलेत मुलीचं नाव आईला मिळालं, ते तिथून डिस्नीकडे आलं.

आता २०१९चा चित्रपट पुन्हा पाहा. लग्नानंतरचं संकट सासूकडून येतं. राजा निकामी होतो आणि कारभार तिच्या हाती जातो. तिचा पहिला वार जेवणाच्या टेबलावर होतो. शेवटी तिचीच शेळी होते, आणि पेरोकडे सासूच्या ताटात नातवाऐवजी करडू पडलं होतं. लेखकांनी हे जाणूनबुजून केलं की कसं, हा मुद्दा गौण. कथेच्या विसरलेल्या अर्ध्या भागाचा सांगाडा इथे उभा आहे, हे पडद्यावर दिसतं. तो चित्रपटाला पेलला नाही याचं कारणही पेरोकडेच सापडतं: त्याच्याकडे एक वाडा आणि चारपाच माणसं आहेत, चित्रपटाने त्यात दोन राज्यं, एक लुप्त वंश आणि एक महायुद्ध भरलं. सासू, सून आणि पोसणारी आई एवढ्या तिघींवर दीड तास टिकला असता.

४९ कोटी डॉलर मिळवूनही चित्रपट अपेक्षेपेक्षा कमी चालला म्हणतात. समीक्षांमुळे पडला का? हिशेब समजावून सांगाल का?
— माध्यम अभ्यासक्रमाचा विद्यार्थी, पुणे

जगभरची तिकीटविक्री सुमारे ४९.२ कोटी डॉलर. त्यातले उत्तर अमेरिकेतले ११.४ कोटी, बाकी ३७.८ कोटी इतर देशांतले. ही रक्कम स्टुडिओच्या हाती येत नाही, थिएटरवाले आपला वाटा आधी ठेवतात. धंद्यातला ठोकळ आडाखा असा: अमेरिकेतल्या विक्रीतले निम्मे स्टुडिओकडे, बाहेरच्या विक्रीतले सरासरी ४० टक्के. चीनमध्ये हा वाटा २५ टक्क्यांच्या आसपास असतो.

११.४ चे निम्मे ५.७. ३७.८ चे ४० टक्के १५.१. बेरीज २०.८ कोटी. निर्मितीचा जाहीर खर्च १८.५ कोटी वजा केला की २.३ कोटी उरतात. त्यातून जगभरची जाहिरात करायची, आणि या आकाराच्या चित्रपटाच्या जाहिरातीला १० कोटींच्या घरात खर्च येतो. पुढे डिस्क, टीव्ही, स्ट्रीमिंगचं उत्पन्न असतं म्हणून चित्र इतकं काळं राहत नाही, पण थिएटरपुरतं ते तोट्याचंच. हाच आडाखा पहिल्या भागाच्या ७५.८ कोटींना लावा (अमेरिकेत २४.१). हाती सुमारे ३२.७ कोटी, जाहीर खर्च १८ कोटी. फरक लख्ख दिसतो.

समीक्षांमुळे पडला का, हे तपासायला एक साधा भागाकार आहे. अमेरिकेतली एकूण विक्री भागिले पहिल्या तीन दिवसांची विक्री. तोंडी प्रसिद्धी वाईट असेल तर चित्रपट दुसऱ्या आठवड्यात कोसळतो आणि गुणोत्तर २ ते २.५ वर अडकतं. ३ च्या वर असेल तर लोकांनी एकमेकांना ‘बघ’ म्हणून सांगितलं असं समजावं.

मॅलेफिसंट, पहिला भाग: २४.१ भागिले ६.९४, म्हणजे जवळपास ३.५. दुसरा: ११.४ भागिले ३.६९, म्हणजे ३.१.

म्हणजे आलेल्यांनी चित्रपट नाकारला नाही. सिनेमास्कोअरची ‘ए’ आणि हे ३.१ एकमेकांना दुजोरा देतात. मार बसला तो पहिल्याच तीन दिवसांत, ६.९४ वरून ३.६९ वर. वाईट समीक्षांनी काठावरच्या प्रेक्षकाला थोडं अडवलं असेल, पण एवढी घसरण त्यांनी होत नाही. पाच वर्षांचं अंतर, पहिल्या भागातच पूर्ण झालेला नायिकेचा प्रवास, पहिल्यावेळचं ‘खलनायिकेच्या बाजूने’ हे नावीन्य संपलेलं, आणि समोर तिसऱ्या आठवड्यातही जोरात असलेला ‘जोकर’. शिवाय २२ नोव्हेंबरला डिस्नीचाच ‘फ्रोझन २’ आला आणि त्याच घरांतली तीच मुलं तिकडे वळली.

असा हिशेब लिहिताना एक चूक टाळा: अमेरिकेतल्या तीन दिवसांच्या विक्रीने जगभरची एकूण विक्री भागू नका. गुणोत्तर १३ च्या पुढे येतं आणि त्याला काही अर्थ नसतो.

‘हंट्समन’ आणि ‘अ‍ॅलिस’च्या दुसऱ्या भागांचं अपयशही याच जातीचं का?
— वाचक, नागपूर

एकाच घराण्यातलं, पण दुखणं वेगळं.

‘द हंट्समन : विंटर्स वॉर’ (एप्रिल २०१६, दिग्दर्शक सेड्रिक निकोलस-ट्रॉयन) हा स्नो व्हाइटच्या २०१२च्या चित्रपटाच्या आधीचाही भाग आहे आणि नंतरचाही. पहिल्या भागातली स्नो व्हाइट, म्हणजे क्रिस्टन स्ट्यूअर्ट, यात नाही. तिच्या जागी बर्फाची राणी फ्रेया (एमिली ब्लंट) आणली, जी अँडरसनच्या हिमराणीवरून आणि बघणाऱ्यांच्या मनात डिस्नीच्या ‘फ्रोझन’वरून आली. शार्लीझ थेरॉनची दुष्ट राणी रॅव्हेना, जिच्यासाठी लोक आले, ती सुरुवातीला आणि अखेरीला. समीक्षकांचे २० टक्क्यांच्या आसपास, मेटाक्रिटिक ३५, जगभरची विक्री १६.५ कोटी, पहिल्याने ३९.७ कोटी केले होते. वरचा भागाकार इथे ४.८४ भागिले १.९४, म्हणजे २.५ येतो. इथे प्रेक्षक आणि समीक्षक एकाच बाजूला होते.

‘अ‍ॅलिस थ्रू द लुकिंग ग्लास’ची (मे २०१६, दिग्दर्शक जेम्स बॉबिन) घसरण तिघांत सर्वांत मोठी: पहिल्या भागाचे १०२ कोटी, दुसऱ्याचे सुमारे ३०. लुईस कॅरलचं १८७१चं पुस्तक बुद्धिबळाच्या पटावर रचलेलं आहे. अ‍ॅलिस प्यादं म्हणून निघते आणि आठव्या घरात राणी होते. चित्रपटाने नाव ठेवलं, पट टाकून दिला आणि काळातून मागे जाऊन हॅटरचं, म्हणजे वेड्या टोपीवाल्याचं, कुटुंब शोधण्याची कथा घातली. वेड्या टोपीवाल्याच्या वेडाला कारण दिलं की तो वेडा राहत नाही, दुःखी मनुष्य होतो. आमच्या मते हा त्या चित्रपटाचा मूळ दोष. समीक्षकांचे ३० टक्क्यांच्या आत, मेटाक्रिटिक ३४. साशा बॅरन कोहेनने रंगवलेलं ‘काळ’ हे पात्र मात्र बघावं, आणि अ‍ॅलन रिकमन यांचा आवाजही ऐकावा. त्यांच्या निधनानंतर आलेला हा चित्रपट त्यांनाच अर्पण केला आहे.

हंट्समन आणि अ‍ॅलिस या दोन्हींच्या दोन्ही भागांची वेशभूषा कॉलीन अ‍ॅटवूड यांची आहे. कथा गडगडली तरी कपड्यांकडे पाहण्यासारखं बरंच उरतं, त्याचं हे कारण.

मॅलेफिसंटच्या रंगभूषेला ऑस्करचं नामांकन होतं म्हणे. त्यात विशेष काय?
— हौशी नाट्यसंस्थेचे रंगभूषाकार, सांगली

होय, २०२०च्या सोहळ्यात रंगभूषा आणि केशरचना विभागात; पॉल गूच, आर्यन टाउटेन आणि डेव्हिड व्हाइट यांना. पारितोषिक ‘बॉम्बशेल’ला गेलं. मॅलेफिसंटचा मूळ चेहरा पहिल्या भागासाठी रिक बेकर यांनी घडवला. जोलीचा चेहरा झाकायचा नाही आणि माणसाचा ठेवायचा नाही, अशी दुहेरी अट होती. म्हणून फक्त गालाच्या हाडांवर धारदार उंचवट्याचे पातळ तुकडे आणि टोकदार कान लावले. कपाळ, डोळ्यांभोवतीचा भाग आणि ओठ मोकळे ठेवले, त्यामुळे भुवई किंचित वर गेली तरी कॅमेऱ्यात दिसते. शिंगं वजनाला हलकी आणि काढघाल करता येण्याजोगी. पंख डिजिटल.

नाटकासाठी यातून घेण्यासारखं: चिकटवायचा तुकडा हाडावर बसवा, स्नायूवर नको. हसताना गालाचा मांसल भाग सरकतो आणि तुकड्याची कड सुटते. कड कागदासारखी पातळ करा, नाहीतर बाजूच्या दिव्यात तिची सावली पडते. शिंगं टोपीवजा पट्टीला बसवा आणि पट्टी केसांच्या रेषेमागे दडवा. वजन कपाळावर आलं की नट अर्ध्या तासात मान आखडून घेतो. रंग लावण्याआधी डिंकाची चाचणी मनगटाच्या आतल्या बाजूला घ्या आणि दुसऱ्या दिवशी पाहा.

हिंदीत पाहावा की इंग्रजीत?
— वाचक, बेळगाव

हिंदीत मॅलेफिसंटला ऐश्वर्या राय बच्चन यांचा आवाज आहे. उपशीर्षकं वाचता न येणाऱ्या मुलांसोबत हिंदी घ्या. एकट्याने पाहणार असाल तर इंग्रजी, निदान त्या जेवणाच्या प्रसंगापुरतं तरी. तिथे जोली आणि फायफर यांची आवाजातलीच जुगलबंदी आहे. एवढं मात्र ध्यानात ठेवा की वर दिलेले समीक्षकांचे आकडे मूळ इंग्रजी चित्रपटाचे आहेत.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अशा चित्रपटावर ७०० शब्दांची समीक्षा लिहायची आहे. कशी बांधू?
— वाचक, डोंबिवली

आधी पहिला भाग पुन्हा पाहा आणि कागदावर दोनच गोष्टी लिहा: शेवटी नायिकेला काय मिळालं, आणि कोणता प्रश्न उघडा राहिला. दुसरा भाग पाहताना हा कागद जवळ ठेवा. जे मिळालं होतं ते फुकट हिरावलं तर पटकथा अडली आहे, असं समजा. उघड्या प्रश्नाला हात घातला असेल तर लेखकांना काही सांगायचं होतं. मॅलेफिसंटच्या दुसऱ्या भागात सुरुवातीलाच मॅलेफिसंट पुन्हा बदनाम झालेली दिसते. पहिल्या भागाच्या अखेरीस मिळालेला मान पडद्याबाहेर परस्पर काढून घेतला आहे. ही नोंद एकटीच समीक्षेचा पहिला परिच्छेद होऊ शकते.

शब्दांची वाटणी ढोबळमानाने अशी ठेवा. चित्रपट, दिग्दर्शक, कलावंत यांची माहिती ५० शब्दांत. कथानक १२० शब्दांच्या वर नको आणि पहिल्या तिसऱ्या भागापलीकडे जाऊ नका. मग एकच प्रसंग निवडून २०० शब्द त्यावर खर्च करा: कॅमेरा कुठे आहे, कोण बोलतं, कोण गप्प राहतं, प्रसंगाने कथेचं काय बदललं. पटकथेचा मुख्य दोष किंवा गुण १५० शब्दांत. वेशभूषा, संगीत, दृश्यपरिणाम यांतलं जे खरोखर नजरेत भरलं ते १०० शब्दांत, बाकीच्यांची हजेरी घेत बसू नका. उरलेले ८० शब्द हा चित्रपट कुणी पाहावा आणि कुणी टाळावा यासाठी.

‘डोळे दिपवणारा’, ‘भव्यदिव्य’, ‘पडद्याला खिळवून ठेवणारा’ असे शब्द पहिल्या खर्ड्यातून खोडा आणि त्या जागी काय दिसलं ते लिहा. इतरांच्या समीक्षा आणि टक्केवारी पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत उघडू नका. एकदा ३९ हा आकडा डोळ्यांपुढे आला की चांगला प्रसंगही हात आखडून लिहिला जातो. विक्रीचे आकडे समीक्षेत आणूच नका, हवे असतील तर शेजारी चौकट करा. शेवट फोडायचाच असेल तर तशी सूचना पहिल्या ओळीच्या आधी, ठळक अक्षरांत छापून घ्या.